मालतीताईंची पानांची पारख

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत नवी राहायला आले, तेव्हा मी मालतीताई साठे यांच्याकडे ओळख करून घ्यायला गेले. चहाआधीच त्यांनी माझ्या हातावर दोन जाड, मांसल पानं ठेवली आणि डोळे मिटून फरक सांगायला लावला. मला कुठला सांगता येतोय! ताई म्हणाल्या, चलो, चहा घ्या, उद्या पुन्हा या. मी गेले, आणि अजून जातेच आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींमध्ये हयात घालवलेल्या ताईंनी निवृत्तीनंतर गच्चीवर रसाळ पानांच्या झाडांचं केवढं गोकुळ उभं केलं! कुंडीत नावाची पाटी खोचणं मात्र त्यांना बिल्कुल मंजूर नाही. पाटी वाचली की माणूस पान बघत नाही, असं त्या म्हणतात.

एका संक्रांतीला, प्लास्टिकच्या डब्यांचा कंटाळा येऊन, मी हळदीकुंकवाला कोरफडीची रोपं लुटायची ठरवली. पानिपतच्या वाटेवरच्या नर्सरीतून कुंड्या आणल्या. सासूबाई खूश झाल्या. त्या नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्या होत्या आणि रोज संध्याकाळी कोरफडीचा गर घ्यायच्या. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी जमलेल्या बायकांसमोरूनच एक कुंडी त्यांनी परस्पर स्वयंपाकघरात नेलीसुद्धा.

बाहेर ताईंनी हातात पडलेल्या वाणाच्या पानाला बोट लावलं. टोक सुईसारखं टोचलं. त्यांनी पान मोडलं. कोरफड काकडीसारखी कटकन तुटते. या पानातून लांब दोरे लोंबायला लागले. ताई उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात. सासूबाईंनी चमचा तोंडाशी नेला होता. ताईंनी त्यांचा हात धरला. आमच्या घरात ही कुणाची टाप नाही.

"काकू, ही कोरफड नव्हे, घायपात आहे. याचे दोर वळतात. पोटात गेलं तर घसा सुजेल."

माझं तोंड एवढंसं झालं. पण ताईंनी बाहेर येऊन मला चकार शब्द ऐकवला नाही. प्रत्येकीला आपापल्या कुंडीतलं एकेक पान मोडायला लावलं, दोरे दाखवले, रोप कोवळं असलं की नर्सरीवालाही फसतो म्हणाल्या. बायका हसत हसत कुंड्या गॅलरीसाठी घेऊन गेल्या. ताईंचा हा मोठेपणा मी विसरूच शकत नाही.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, हे मागणं मी नव्वदीच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. लोणच्याची फोडही मोजून वाढणाऱ्या सासूबाई जरा विचार करून म्हणाल्या, "माझी शंभर वर्षं पुरी होऊ देत. त्यावरची सगळी ताईंना."