मऊ तळाची होडी

काशीदच्या आमच्या बाजूला ओहोटीच्या वेळी बायका खडकांवर कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले धारदार शिंपले, काढायला जातात. तेव्हा गावातले पुरुष बहुतेक समुद्रात असतात. गेल्या दिवाळीनंतर माझी आय अशीच खडकावर अडकली आणि भरती चढली. किनाऱ्यावर लाकडी होडी होती, पण आम्ही चार बायका ढकलून थकलो, ती जागची हलेना. मासे धरून परतणाऱ्या एका मचव्यानं आयला उचललं, तोवर पाणी तिच्या छातीला लागलं होतं. त्यानंतर ती खडकावर गेली नाही. कोणाचं न ऐकणारी माझी आय घरात गप्प बसून राहायला लागली. मला ते बघवेना.

गावानं बचावासाठी हवा भरून फुगवायची होडी घ्यायचं ठरवलं. विक्रेत्यानं दोन आणल्या: एक फायबरच्या कडक तळाची, दुसरी तळासकट रबरी कापडाची. पुरुष एकमुखानं कडक म्हणाले. ती लाट चांगली कापते, सहसा फाटत नाही. तेही खोटं नव्हतं.

"पण ती ढकलणार कोण?" मी विचारलं.

"आन् ही कालवांवर लागली का फाटली समज," बाबा म्हणाले.

मी हट्टाला पेटले. वहिनीला घेऊन मऊ होडी खडकापर्यंत नेली, परत आणली. आणि किनारा लागताच, लाकडी होडी ओढायची जन्माची सवय, आम्ही दोघींनी ती वाळूवरून खेचली. खाली कालवांचा दगड होता. तळ वीतभर फाटला.

"काय गं, शिवाया दाभण आनू का?" बाबांनी विचारलं. सगळे हसले. मला रागानं रडू आलं.

विक्रेत्यानं ठिगळ चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं. आधी आम्ही चौघी कडक होडीला भिडलो. ती हलली नाही. मग मऊ होडी इंजिनासकट उचलून पाण्यात नेली, खडकाला वळसा घातला आणि परतलो. किनारा आला तसे बाबाच ओरडले, "उचला गं! खेचू नका!"

गावानं मऊ होडीच ठेवून घेतली. मागं उभी असलेली आय पुढं आली. तिनं ठिगळावरून हात फिरवला आणि बाबांना विचारलं, "उद्या ओहोट कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन खडकावर गेली. ती परत येईपर्यंत मी होडीपासून हलले नाही.