डोळ्यातला कण

एमआरआयच्या खोलीबाहेर टेक्निशियनने माझ्या भावजयीला फॉर्ममधले प्रश्न विचारायला घेतले. धाकटा भाऊ स्ट्रेचरवर होता, नवव्या दिवशीही बेशुद्ध. पार्से गावात एका घराची ग्रिल बसवताना तो शिडीवरून डोक्यावर पडला. धारगळची फॅब्रिकेशनची शेड माझी आणि शिडीपाशी उभा होतो तोही मीच.

पहिल्या सीटी स्कॅनमध्ये मोठा रक्तस्राव नव्हता, म्हणून मी घरी फोन करून सांगून टाकलं होतं, रिपोर्ट नॉर्मल आहे. मग तो जागा का होत नाही? डॉक्टर म्हणाल्या, मेंदूत खोलवर तंतू तुटले असतील तर ते सीटीत सहसा दिसत नाहीत, एमआरआयत दिसू शकतात. मी मान हलवली. बाहेर येऊन भावजयीला सांगताना मात्र माझाच गोंधळ उडाला.

"पेसमेकर?"

"नाय."

"लोखंडाचं काम करताना डोळ्यात कधी कण गेला होता?"

"नाय."

"गेला होता," मी म्हणालो.

तीनेक वर्षं झाली. डिचोलीच्या गिऱ्हाइकाचं गेट संध्याकाळी द्यायचं होतं. ग्राइंडर मारताना घालायचा चष्मा फुटला होता, मी नवा आणला नव्हता. भावाच्या डोळ्यात कण उडाला. "दादा, डॉक्टराक दाखवया," तो म्हणाला. मी पापणी उलटून मॅग्नेट धरला. "तुझो मॅग्नेट म्हणजे सरकारी दवाखानो, सगळ्याक एकच औषद," म्हणत तो पुन्हा कामाला लागला. मॅग्नेटला काहीतरी चिकटलं होतं. ते त्याच्या डोळ्यातलं की आधीचंच, मला आजही सांगता येत नाही.

"कण आत असला तर मशीनच्या चुंबकाने तो हलेल, डोळा जाईल," टेक्निशियन म्हणाला. त्याने स्ट्रेचर मागे घेतलं. डॉक्टर जुन्या सीटीत डोळे तपासायला गेल्या.

"माका कधी सांगूक नाय तुमी," भावजय म्हणाली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "भावोजी, आजून काय सांगूचा रवला हा?"

मी सांगितलं. तो पडला तेव्हा माझा एकच हात शिडीला होता, दुसऱ्या हातात फोन. आधी शिडी सरकली की त्याचा पाय घसरला, ते मी पाहिलं नाही.



डोळ्यात कण नव्हता. एमआरआय झाला. मेंदूत खोल बारीक ठिपके निघाले. "इजा मोठी आहे हे यावरून कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "तो उठेल का, कधी उठेल, ते यात नाही."

"तेंका ऐकू येता?" भावजयीने विचारलं.

"येतही असेल."

ती माझ्याकडे वळली. "जावा. माका सांगलात, तां तेंका पण सांगा."

मी त्याच्या कानाशी वाकलो. हे ऐकलं तर त्याला उठावंसं वाटेल की नाही, मला ठरवता येईना.