यंत्राच्या गळ्यातला हार

आमच्या गावात टोमॅटो वाळवायचं सरकारी केंद्र आहे. खिडकीला नाक लावलं की आतलं यंत्र दिसतं. उद्घाटनाचा झेंडूचा हार अजून त्याच्या गळ्यात, अंगावरचं प्लास्टिक कोरं करकरीत! नवरदेव बोहल्यावर उभा आहे आणि वीजजोडणी काही मांडवात येत नाही.

परवा केंद्राबाहेरच्या ओट्यावर शांताकाकू टोमॅटोच्या चकत्या उन्हात मांडत होत्या. अर्ध्या एकराचा माल एकदम पिकला होता. दोन दिवसांत वाळवला नाही तर सडणार. मीही विळी घेऊन मदतीला बसलो. तेवढ्यात जीपमधून साहेब उतरले आणि चकत्या पाहून असे काही खुलले, की त्यांनी लगेच फोन काढला.

"मावशी, जरा हसा. मागची केंद्राची पाटी दिसू द्या."

फोटो कशाला? तर वर पाठवायला. केंद्र सुरू झालं!

फोटो झाला. "आता हे उचला," साहेब म्हणाले, "सरकारी जागा आहे."

"अहो, ओल्या आहेत. ठेवू कुठं?"

साहेब तोवर जीपमध्ये बसलेसुद्धा. योजनेत इमारत होती, रंग होता, नारळही असणार. टोमॅटो मात्र कुणाच्या मंजुरीसाठी पिकायचा थांबत नाही.

काकूंनी एकमेकींना चिकटलेल्या चकत्या टोपलीत भरल्या. जाताना त्या खिडकीशी थबकल्या, आतल्या हाराकडे बघत राहिल्या.

"बघ रे," त्या म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत यानं तेवढा हारच वाळवला."