चारशे खड्ड्यांची वाडी

लग्न ठरलं तेव्हा सासरी चार एकर कापूस आहे एवढंच मला सांगितलं होतं. नदीत वाडी करतात, हे कुणी बोललं नाही. माझं माहेर बोदवडकडचं. तिकडे पाण्याची कायमची ओढ, म्हणून तापीकाठचं स्थळ आलं तेव्हा आई खूश झाली. "माझ्या पोरीला पाणी वाहावं लागणार नाही," असं ती शेजारणींना सांगत सुटली होती.

गाव शिंदखेडा तालुक्यातलं, नदीच्या दरडीवर. साठेक घरं. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पात्रात वाळूचा लांब पट्टा उघडा पडायचा आणि गाव खाली उतरायचं. वाळूत गुडघाभर खड्डे खणायचे, तळाला शेणखत घालायचं, टरबुजाचं नाहीतर काकडीचं बी लावायचं, आणि पीक निघेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं. आमचे चारशे खड्डे होते. खणायचे पुरुषांनी. पाणी जाऊबाईंनी आणि मी.

जाऊबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. आमच्यात भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. डोक्यावर पाण्याने भरलेला तेलाचा पत्र्याचा डबा असताना कोण बोलणार? माझी भाषा ऐकून त्या पहिल्या वर्षी हसायच्या. दुसऱ्या वर्षी हसायच्याही बंद झाल्या. लांबचे दोनशे खड्डे त्यांनी माझ्याकडे दिले होते, याचा माझ्या मनात राग होता. नवी म्हणून मला लांबचे. संध्याकाळी मान इतकी भरून यायची की भाकरी थापताना खाली बघवत नसे. रडू यायचं, पण रडायलाही अंगात जोर लागतो.

तिसऱ्या वर्षी माझी मुलगी सव्वा वर्षाची होती. तिला वाडीतल्या गवताच्या झोपडीत झोळीत टाकून मी पाणी घालायचे. चैत्र संपत आला होता. टरबुजं भरली होती, पहिला तोडा बैलगाडीत घालून माझे मालक आणि मोठे दीर दोंडाईच्याच्या बाजाराला गेले होते. वाडीत सासरे (आम्ही त्यांना आबा म्हणायचो), जाऊबाई आणि झोळीतली पोर. मी भाकऱ्या आणायला घरी आले होते.

भर दुपारी भाकऱ्यांचं फडकं डोक्यावर घेऊन दरड उतरले आणि थांबले. आमची वाडी आणि काठ यांच्यामध्ये एक कोरडी सखल पट्टी होती. रोज आम्ही तिथून चालत जायचो. त्या पट्टीत पाणी आलं होतं. पाऊस नव्हता, आभाळात ढग नव्हता. वर कुठल्या तरी धरणातून पाणी सोडलं होतं. तसा निरोप आला होता, असं नंतर लोक म्हणाले. आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

"अक्का! पाणी!" मी ओरडले. त्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, माझ्या खड्ड्यांपाशी. मी घरी गेले की माझ्या राहिलेल्या खड्ड्यांना त्या पाणी घालायच्या, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी मान वर करून पाहिलं. डबा टाकला आणि धावत सुटल्या. काठाकडे नाही, झोपडीकडे. पोरीला झोळीतून उचलून खांद्यावर घेतलं. तोवर पाणी मांडीपर्यंत आलं असावं. मी उतरायला गेले तर शेजारच्या वाडीतल्या माणसांनी मला धरून ठेवलं. आणि आबा मात्र वाडीत वाकून टरबुजं तोडत होते. तोडून वाळूच्या उंचवट्यावर ठेवत होते, एकेक, जपून.

"आबा, ऱ्हाऊ द्या! चला!" जाऊबाई ओरडल्या.

आबांनी ऐकलं नाही. ज्या बाईने तेरा वर्षांत सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तिने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत पाण्यात आणलं. पदर मागे पाण्यावर तरंगत होता. छातीपर्यंत पाणी, एका खांद्यावर पोर, दुसऱ्या हातात म्हातारा. मधे एकदा त्यांचा पाय सुटला. मग माणसांनी दोर टाकला आणि तिघं काठाला लागली.

दरडीवर बसून आम्ही वाडी जाताना पाहिली. झोपडी गेली, कापसाच्या पऱ्हाट्यांचं कुंपण गेलं. आबांनी रचून ठेवलेली टरबुजं एकामागून एक तरंगत निघाली. जाऊबाईंनी पोरीला माझ्या मांडीवर दिलं, ओला पदर पिळला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

"बरं व्हयनं वं. आते सकाय पानी टाकाले जावानं नही."

मला धक्का बसायला हवा होता. पण उद्या पाणी घालायला जायचं नाही, नेमकं तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. पोर वाचली म्हणून देवाचे आभार मानायच्याही आधी. मी मान हलवली. आबा दोन हात अंतरावर बसले होते. त्यांनी ऐकलं. पण पाण्याकडेच बघत राहिले.

त्या वर्षीची दिवाळी झाली, पाणी उतरलं. आबांनी कुणाला हाक मारली नाही. एक दिवस एकटेच पावडं घेऊन खाली गेले आणि खणायला लागले. दोन्ही मुलगे म्हणाले, "आबा, यंदा राहू द्या." ते खणतच राहिले. आम्ही दोघी आठ दिवस दरडीवरून बघत राहिलो. खड्डे तीसेक झाले, मग पन्नास. खणता खणता ते मधेच वाळूत बसायचे आणि बराच वेळ उठायचे नाहीत.

नवव्या दिवशी जाऊबाईंनी कोपऱ्यातले डबे काढले. "चाल. म्हातारा एकला मरी जाई."

"आज लांबचे खड्डे तुम्ही घेऊ नका," मी म्हणाले.

"जवळना घेसू," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

त्यानंतर पाच हंगाम आम्ही वाडी केली. पाणी पुन्हा तसं आलं नाही. आबा अंथरुणाला खिळले तेव्हा मुलांनी वाडी सोडली आणि कापसावरच भागवू लागले. गावातली तरुण मंडळी एकेक करून सुरतेला कामाला जाऊ लागली. मोठे दीरही गेले. वर्षभराने जाऊबाईंना बोलावणं आलं.

शिंदखेड्याच्या स्टेशनावर मी त्यांना पोचवायला गेले. दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. मला खूप बोलायचं होतं. पोरीचं, त्या दुपारचं, मी मनात धरलेल्या रागाचं. गाडी लागली, गर्दीत त्यांना कशीबशी खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी राहून म्हणाले, "अक्का, ऐका ना."

गाडी अजून हललीही नव्हती. खिडकीच्या गजांना डोकं टेकून त्या झोपल्या होत्या. मी उठवलं नाही.