मोठ्यानं वाचायची पुस्तकं

माझा शेजारी माझ्याकडून पुस्तकं नेतो आणि जंगलात मोठ्यानं वाचतो. त्याची बायको तिथं वाकून मोहफुलं वेचत असते. वाकलेल्या माणसावर वाघ येतो, आवाजाला बिचकतो. म्हणून हा तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. एक ओळ वाचतो, एकदा झाडीकडे बघतो.

“विनोदी पुस्तक बेस हाये,” तो म्हणतो, “पन हसता हसता झाडीवरून ध्यान जाते.”

आज सकाळी मीही गेलो. अचानक वानरं ओरडली. तो थबकला. बायको ताठ झाली. मग तीच ओळ त्यानं दुप्पट आवाजात वाचली.

परतताना त्यानं अर्धीच वाचलेली कादंबरी माझ्या हातात दिली.

“आवडली नाही?”

“लय आवडली, भाऊ. पन त्यातली माय मरते तिथं आवाजच निघत नाई माहा.” पुढं चालणाऱ्या बायकोकडे बघत तो म्हणाला, “उद्याले भांडनाचं द्या.”