जनरेटरचा कॉक कोणी बंद केला?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच विचारत आलो — आधी घरची वायरिंग चेक केली का? एकतीस वर्षं जबलपूरला डिफेन्सच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो मी. म्हणून हे लिहिताना माझीच मला लाज वाटून राहिली आहे...

दोन वर्षांपूर्वीची जूनची दुपार. जबलपूरच्याच सदर बाजारामागच्या गल्लीत आमचं घर. आंधी आली, झाड तारांवर पडलं, लाइट गेली. माझी बायको शोभा ऑक्सिजनच्या मशीनवर. जोडीला ठेवलेला सिलिंडर जेमतेम तासभराचा. मेहुण्याचा छोटा जनरेटर घरी होता, तो काढला.

अंगणात, खिडकीपासून लांब ठेवला. त्याचा धूर घरात साचला तर माणूस कळायच्या आत जातो. इथवर ठीक. पण घाईत मी तेच केलं, जे लोकांना कधी करू दिलं नाही — दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवली अन् जनरेटरचा करंट सरळ घरच्या सॉकेटात दिला. अशा वेळी मेन चालू राहिला तर करंट उलटा खांबावर चढतो, अन् तिथे तार जोडणाऱ्याचा जीव जातो. म्हणून आधी मेन स्विचचा जड दांडा खाली ओढून तो बंद केला. शोभाच्या पलंगासमोरच.

दोरी ओढली. जनरेटर सुरू झाला, अन् मिनिटभरात बंद. पाहतो तर पेट्रोलचा कॉक, टाकीखालची तोटी, आडवा फिरवून बंद! उघडला, पुन्हा सुरू केला, पंखा फिरतो का बघायला दारापर्यंत गेलो... पुन्हा बंद. कॉक पुन्हा आडवा.

मला शेजारच्या तिवारीजींचा संशय आला. आवाजाचा त्यांना भारी त्रास. "तिवारीजी, ये मज़ाक का टाइम है क्या?" मी ओरडलो. ते त्यांच्या गच्चीवरून म्हणाले, "अरे भैया, मैं तो ऊपर हूँ!" फाटकाला आतून कडी होती.

आत गेलो. मेनचा दांडा वर होता.

"शोभा, इथे कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. काहून? तुम्हीच तर खाली पाडून गेले, मी पाहून राहिली होती ना."

तेवढ्यात खिडकीतून दिसलं — कोपऱ्यावरच्या खांबावर लाइनमन चढलेला, उघड्या हातात तार. धावत जाऊन ती वायर उपटली. मग एक्स्टेंशन बोर्ड सरळ जनरेटरला लावला अन् त्यावर फक्त शोभाचं मशीन. चार तास जनरेटर हूं की चूं न करता चालला.

आता घरी चेंजओव्हर स्विच आहे, खांबाची लाइन अन् जनरेटर एकत्र जोडूच न देणारा, लायसनवाल्याकडून बसवलेला.

लोड जास्त झाला म्हणून जनरेटर बंद पडला असेल, म्हणता? मान्य. पण लोडने कॉक फिरत नाही. अन् जड दांडा आपोआप वर चढत नाही. शोभा म्हणते, कोणीतरी लाइनमनला वाचवलं. असेल. मला मात्र अजून दुसराच प्रश्न छळतो — कॉक बंद करणाऱ्याने वाचवलं, चलो... पण मेन वर करणारा कोण होता?