रुईनाची भावंडं

पाथर्डीच्या हायस्कुलातून मार्तंड मास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या संस्कृतच्या वर्गात मोजकीच मुलं उरली होती. पत्नी आधीच गेली होती. दिवस काही केल्या सरत नसे. त्यामुळे गावाबाहेरच्या मिशनमधल्या परदेशी मंडळींना मराठी शिकवाल का, अशी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत.

विद्यार्थी तिघं: स्पेनचे फादर होआकिन, इटलीच्या सिस्टर पिया आणि जर्मनीचे ब्रदर ओटो. दुष्काळात विहिरी खोल करायच्या कामावर ते आले होते. मास्तर रोज सकाळी छत्री घेऊन चालत जात. तिथला चहा मात्र नाकारत. सोवळ्यामुळे नाही हो, पित्तामुळे, असं हसून सांगत.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक दिवस धडा चालला होता. भिंत ढासळते, दरड कोसळते, जमीन खचते. तेवढ्यात मिशनचा मुकादम छगन सायकल टाकून आत आला.

"सहादेवची हीर ढासळली. मानसं भाकरी खायला वर आल्ती, म्हनून वाचली."

सगळे जीपमधून सहादेवच्या शेतावर गेले; त्याची विहीर मिशनच खोल करत होतं. विहिरीची एक अख्खी बाजू आत गेली होती. महिनाभर उपसलेला मुरूम जणू पुन्हा होता तिथे जाऊन बसला होता. सहादेव बांधावर बसून होता. त्याची बायको गोजरबाई आलेल्यांना पाणी देत होती.

"रोव्हिना," सिस्टर हळूच म्हणाल्या. "रुईना," फादर पुटपुटले. ब्रदर ओटोंनी आत डोकावून मान हलवली. "रुईने."

मास्तरांनी कान टवकारले. इंग्रजीतला 'रुइन' त्यांना ठाऊक होता. "फादर, हे सगळं एकच का?"

"लॅटिन. रुईना. म्हणजे धाडकन पडणं. त्याचीच ही सगळी पोरं."

मास्तरांच्या मनात लगेच संस्कृतातला 'रुज्' आला, मोडणे. तो यांचाच कोणी असेल का? ओठांवर आलं होतं, पण खात्री नव्हती, म्हणून त्यांनी ते गिळलं. आपण कुठे उभे आहोत हेही त्यांना आठवलं आणि ते ओशाळले.

"काय म्हन्त्यात ती मानसं?" सहादेवने विचारलं.

मास्तर त्याच्या शेजारी बांधावर टेकले. "तिघं तीन देशांचे. पण पडझडीला तिघांचा शब्द एकाच घरचा. फार जुना आहे म्हणतात."

सहादेवने विहिरीकडे पाहिलं. "म्हंजी त्यांच्याकडं बी पडतंय."

"पडतंय की. पडल्याशिवाय शब्द कसा होईल?"

सहादेवच्या चेहऱ्यावर हसू येतंय न येतंय असं झालं. "मग पडल्यावर काय करत्यात, इचारा."

ब्रदर ओटोंना प्रश्न समजला. अडखळत ते म्हणाले, "वर रुंद. खाली अरुंद. मग दगड लावायचे."

"ऐकलं का," गोजरबाई नवऱ्याला म्हणाली, "आता बसून न्हाई भागायचं."

दुसऱ्या दिवशी मुरूम वर ओढायची यारी पुन्हा उभी राहिली. कड उतरती कापली, आतून दगड बांधत नेला. पावसाळ्याच्या तोंडावर पाणी लागलं. भरपूर नव्हे, पण जनावरांची आणि शेजारच्या वस्तीची तहान भागेल इतकं.

मास्तरांनी मात्र फादरांशी वेगळाच करार केला. सकाळी ते मराठी शिकवायचे आणि त्यानंतर घटकाभर फादर त्यांना लॅटिन. नामं चालवताना त्यांना संस्कृतच्या विभक्ती भेटत आणि ते खुशीत मांडी बदलत. 'रुज्'चा प्रश्नही त्यांनी एकदा विचारलाच. फादरांनी खांदे उडवले. "मला माहीत नाही, मास्तर."

"मलाही," मास्तर म्हणाले आणि त्यात त्यांना जराही कमीपणा वाटला नाही.

पहाटे अंगणात फेऱ्या मारत ते लॅटिन रूपं मोठ्याने घोकत. शेजारच्या रंगुबाईंना वाटे, मास्तरांनी नवं स्तोत्र धरलंय. त्या हात जोडून पुढे जात. मास्तरही त्यांना थांबवत नसत.